सूज

नजीरने वडलांच्या नडगीवर अंगठा टेकवला आणि तो आत गेला. हाड लागेल अशी त्याची अपेक्षा होती. नडगीवर मांस ते कितीसे असते, कातडी आणि लगेच हाड. पण हाड लागलेच नाही. भिजवलेल्या कणकेत जावा तसा अंगठा आवाज न करता खाली उतरत गेला, आणि त्याने दचकून हात मागे घेतला. खड्डा तसाच राहिला. अंगठ्याच्या आकाराचा, तळाशी पांढुरका, कडेला ताणलेल्या चकचकीत कातडीची किनार. आता भरून येईल, मग येईल म्हणून नजीर पाहत राहिला. खड्डा भरत होता, पण इतका सावकाश की भरताना दिसत नव्हता. नजर दुसरीकडे नेऊन परत आणली की मघापेक्षा उथळ वाटायचा. नजीरच्या तोंडात पाणी सुटले. ओकारीच्या आधी सुटते ते, पातळ आणि आंबट.

"दाब रे," खाटेवरून अब्बा म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. "दाब. बरं वाटस."

तो सकाळच्याच गाडीने नंदुरबारला उतरला होता. मुंबईहून सुरत, सुरतेहून ताप्ती व्हॅलीची गाडी. महायुद्धामुळे गाड्या कमी झालेल्या आणि माणसे होती तेवढीच, त्यामुळे सारा प्रवास कुणाच्या तरी काखेखाली झाला होता. थोरल्या बहिणीची, सालेहाची तार होती. अब्बांच्या अंगावर पाणी चढले आहे, ये. तार वाचल्यावर आपल्याला वाईट वाटायच्या आधी किळस आली होती, हे तो गाडीत बसल्या बसल्या आठवत होता आणि विसरायचा प्रयत्न करत होता. खांडबाऱ्याला गाडी बराच वेळ थांबली. फलाटाच्या टोकाला मीठ लावलेल्या कातड्यांची गाठोडी पडली होती आणि तो वास डब्यात शिरला. माणसांनी उपरणी नाकाला लावली. एक बाई खिडकीबाहेर थुंकली. नजीरचा रुमाल सगळ्यांच्या आधी खिशातून निघाला होता. असली गाठोडी कुठे जातात, तिथे त्यांचे काय होते, त्या वाफेत कोण लहानाचा मोठा झाला, यातले डब्यात कुणालाच काही ठाऊक नव्हते. कुणी त्याच्याकडे पाहतही नव्हते. तरी त्याने रुमाल घट्ट दाबून धरला, आणि रुमालाच्या आत, अत्तराच्या खाली, त्याला स्वतःच्या श्वासाचा वास आला.

अब्बा, म्हणजे गफूरमियाँ, लाकूड-कागद चिकटवायचा सरस करायचे. गावाबाहेर नाल्याच्या काठाला त्यांचे छप्पर होते. खाटकांकडून आणि मोच्यांकडून उरलेली छाटण यायची, कान, शेपटीकडचे तुकडे, कडेच्या चिंध्या. ती चुन्याच्या पाण्यात भिजत पडायची, फुगायची, मग धुऊन मोठ्या कढईत मंद आचेवर दिवसभर शिजायची. वर चरबीचा तवंग यायचा तो अब्बा पळीने काढत. रस गोणपाटातून गाळून पत्र्याच्या ताटांत ओतायचा. सकाळपर्यंत तो थिजायचा. मग तारेने त्याच्या वड्या कापायच्या आणि जाळीवर वाळत घालायच्या. वाळलेला सरस सुंदर दिसायचा. मधाच्या रंगाचा, काचेसारखा आरपार. सुतार, पुस्तके बांधणारे, ताबूत करणारे तो घेऊन जात, आणि कुणी त्याच्याकडे पाहून नाक मुरडत नसे. पण त्याआधीची जी अवस्था होती, ती नजीरच्या वाट्याला यायची. ओल्या वड्या ताटातून उचलून जाळीवर ठेवण्याचे काम त्याचे होते. वडी तळहातावर घेतली की थरथरायची. ती घट्ट म्हणावी तर बोट आत जायचे, पातळ म्हणावी तर बोट काढल्यावर ती हळूहळू पुन्हा वर यायची, जणू आतून कुणीतरी ढकलते आहे. त्याला वाटायचे, हिला अजून आठवते आहे. ही कुणाच्या तरी अंगावर होती, आणि माशी बसली की हलायची. घरी येऊन तो हात मातीने घासायचा, राखेने घासायचा, आणि जेवताना भाकरी तोडली की बोटांचा वास भाकरीबरोबर तोंडात जायचा. अब्बा समोर बसून त्याच हातांनी मजेत जेवत. मिशीला लागलेली आमटी ते बोटाने पुसत आणि बोट चाटत. नजीर ताटाकडे बघत राही.

शाळेत मास्तरांनी त्याला खिडकीजवळ बसवले होते. तिथे उजेड चांगला येतो असे ते म्हणाले होते, आणि हिवाळ्यात बाहेर वाळत घातलेल्या मिरच्यांचा खकाणा वाऱ्याबरोबर त्या खिडकीतून आला की नजीरचा वास दबून सगळ्या वर्गाला बरे वाटत असावे. शेजारी फक्त गिरधर बसायचा. लोणखेड्याच्या मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा, शिकायला नंदुरबारला मामाकडे राहिलेला, मऊ हातांचा, स्वच्छ. "तुन्हा वास येस," गिरधरने एकदा सरळ सांगितले होते, "पन तू गणित सांगस म्हनीसन मी बठस तुन्हाजवय." त्यात दुष्टावा नव्हता. दुष्टावा असता तर नजीरला त्याचा राग करता आला असता. त्याऐवजी त्याने गणित केले. आकड्यांना वास नव्हता. आकडे कुणाच्या अंगावरून सोललेले नव्हते. तो गणिते करत धुळ्याला गेला, मुंबईला गेला, शिष्यवृत्ती मिळवत एम.ए. झाला, कॉलेजात शिकवू लागला. वडील काय करतात असे कुणी विचारले की तो 'व्यापार' म्हणायचा. अमिनाशी लग्न ठरले तेव्हाही त्याने तेच सांगितले होते.

गणितातही त्याने शोधून शोधून असा कोपरा निवडला होता की जिथे कुणी येणार नाही. गाडी किती अंतर गेली हे प्रत्येक क्षणाला माहीत असेल तर तिचा वेग काढता येतो. ही एक पायरी. वेग किती झपाट्याने बदलतो आहे ते काढले की दुसरी. अशा कितीही पायऱ्या उतरता येतात, कॉलेजातली मुले रोज उतरतात. पण अर्धी पायरी उतरता येईल का? अडीचशे वर्षांपूर्वी दोघा गणितज्ञांमध्ये हा प्रश्न निघाला होता, आणि तेव्हापासून अधूनमधून कुणीतरी एकटा बसून त्यावर विचार करत आला होता. उत्तर होते, उतरता येते. आणि उतरले की एक विलक्षण गोष्ट दिसते. पूर्ण पायरीला फक्त आत्ताचा क्षण लागतो. त्याच्या मागे काय झाले याच्याशी तिला देणेघेणे नसते. अर्ध्या पायरीला मात्र सगळा मागचा काळ लागतो. अगदी सुरुवातीपासूनचा प्रत्येक क्षण हिशोबात धरायचा, जुना असेल तसा कमी, पण पुरता पुसून कुणालाच टाकायचे नाही. नजीर या गोष्टीवर लुब्ध होता. रात्रंदिवस त्या सूत्रांत राहताना त्याला आपण धुतल्यासारखे वाटायचे. समुद्राखालून जाणाऱ्या तारांच्या कामात कुणी ही अर्धी पायरी वापरली होती, हे त्याला ठाऊक होते. पण तार म्हणजे तांबे, आणि ती समुद्राच्या तळाशी होती.

मग मागच्या दिवाळीनंतर परदेशी मासिकांचा एक गठ्ठा कॉलेजात आला. युद्धामुळे कुठल्या तरी बंदरात अडकून पडलेला, ओल लागून पाने चिकटलेला. ती पाने सोडवत असताना नजीरला आपलीच चिन्हे दिसली. परदेशातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेत माणसे मऊ वस्तू दाबून पाहत होती. भिजवलेले पीठ, चीज, डांबर, कच्चे रबर. वजन ठेवायचे, काढायचे, आणि वस्तू किती वेळात किती वर येते ते मोजायचे. त्यांना आढळले होते की निखळ घट्ट वस्तूचे गणित पायरी न उतरताच होते, निखळ पातळ वस्तूचे एक पायरी उतरून होते, आणि या मधल्या लिबलिबीत पदार्थांना मधली, अपूर्णांकातली पायरीच लागते. त्या पदार्थांना आपल्यावर काय काय गुदरले ते आठवत असते, असे त्यात लिहिले होते. नजीरने मासिक मिटले आणि बोटांची टोके पाहिली. पानांच्या ओलीने ती चिकट झाली होती. त्याने त्यांचा वासही घेऊन पाहिला.

विभागप्रमुखांना मात्र फार आनंद झाला. त्यांनी नजीरला खोलीत बोलावून चहा मागवला. "तुमचं अर्धं विकलन अखेर जमिनीवर आलं म्हणायचं," ते म्हणाले. सरकारला लाकडी विमानांसाठी चांगला सरस हवा होता, त्यावर एक समिती बसली होती, आणि त्या समितीपुढे कॉलेजातर्फे काहीतरी ठेवावे असे त्यांच्या मनात होते. "नुसती सूत्रं नकोत हो. कुठल्या तरी खऱ्या मऊ वस्तूची मोजमापं हवीत. तुम्हाला काय कठीण आहे? घरचाच धंदा." त्यांनी नजीरचे जुने दाखले पाहिले असणार. बापाचा धंदा त्यात लिहिलेला होता. "सरसच ना?" ते हसले, मनापासून, आणि चहाची बशी पुढे करताना त्यांनी ती अगदी कडेला, दोन बोटांच्या चिमटीत धरली. नजीरची बोटे त्यांच्या बोटांना लागली नाहीत. नजीरही हसला. ते हसू कितीतरी दिवस त्याच्या तोंडावर तेलासारखे राहिले. अमिनाने विचारले, काय झाले, तर तो म्हणाला, काही नाही. आणि त्यानंतर तार आली.

"जोरमा दाबू नको," सालेहा म्हणाली. ती धानोऱ्याहून, आपले घर सासूवर टाकून, महिनाभर इथे येऊन राहिली होती. तिच्या हातात अब्बांच्या लघवीचे भांडे होते आणि ते ती परसात नेत होती. "कातडी फुटी जाई. काल फुटनी व्हती, पानी वाही ऱ्हायंतं."

अब्बांच्या खोलीत सरसाचा तो वास नव्हता. धंदा बंद होऊन वर्ष झाले होते. वास दुसरा होता, गोडसर, साचलेल्या पाण्याचा. डॉक्टरने सांगितले होते की हृदय थकले आहे, पाणी खाली उतरते आणि तिथेच राहते. पाय खांबासारखे झाले होते. बोटे एकमेकांना चिकटून त्यांच्या मधल्या फटी बुजल्या होत्या. वर मात्र मान आणि दंड वाळून गेले होते, जणू एका माणसाला दुसऱ्याचे पाय लावले होते. नजीरने पुन्हा अंगठा टेकवला, कारण अब्बा वाट पाहत होते. दाबला, काढला. खड्डा पडला. तो पाहू लागला, आणि पाहता पाहता त्याच्या लक्षात आले की आपण नुसते पाहत नाही आहोत. खड्डा आधी भराभर उथळ होतो, मग हळू, मग त्याहून हळू, आणि पुरता भरला असे म्हणायची वेळ येतच नाही. एका ठरावीक चालीने तो भरत नव्हता. प्रत्येक वेळी चाल बदलत होती. ही रेघ नजीरच्या ओळखीची होती. तिचे चित्र त्याने फळ्यावर कितीदा काढले होते. त्याचा डावा हात आपोआप वर आला आणि त्याने मनगटावरचे घड्याळ पाहिले.

दुसऱ्या दिवशी त्याने कोपऱ्यातल्या तराजूजवळून पावशेराचे पितळी वजन उचलले. अंगठ्याचा जोर दर वेळी सारखा नसतो, वजनाचा असतो. ते त्याने नडगीवर ठेवले, ठरलेला वेळ राहू दिले, उचलले. आगकाडी खड्ड्यात उभी धरून तिच्यावर नखाने खूण केली. मग थोड्या वेळाने दुसरी खूण. आकडे लक्षात राहत होते, त्याला आकडे नेहमीच लक्षात राहत. काडीचे टोक कातडीला टेकले की ते ओले व्हायचे, आणि नजीरच्या घशाशी काहीतरी यायचे, तो ते गिळायचा आणि घड्याळाकडे बघायचा. हे मी करतो आहे, असे तो मनात म्हणायचा, आणि मनातलाच दुसरा कुणीतरी म्हणायचा, अजून दोन मिनिटे थांब.

"हाई काय ठेवं?" अब्बांनी विचारले. "थंडगार लागस."

"दवाई शे," नजीर म्हणाला. कितीतरी वर्षांनी ही बोली त्याच्या तोंडात आली होती, आणि आली ती खोटे घेऊन. "मुंबईमा असंच करतस."

अब्बा समाधानाने हसले. त्यांनी ते खरे मानले. इतक्या सहज मानले की नजीरला त्यांचा संताप आला. मरायला टेकलेल्या माणसाने इतके भोळे असू नये. त्या दिवसापासून जो कोणी भेटायला येई त्याला ते मुंबईच्या दवाईबद्दल सांगत. पोऱ्या कॉलेजात मोठा मास्तर आहे, पण आपल्या हाताने बापाचे पाय बघतो. पिंजाऱ्याची नानीबाई आली, नवलसिंग नावाचा जुना गिऱ्हाईक सुतार आला. ते खाटेजवळ बसत, वाकून पाय पाहत, आणि नजीरकडे अशा नजरेने बघत की त्याला मान खाली घालावी लागे. ते त्याचा मोठेपणा समजत. खाली मान घालून तो आकडे पुन्हा पुन्हा म्हणत असायचा, विसरू नयेत म्हणून. रेघ जमत होती. पायरी साधारण पाऊण निघत होती, म्हणजे घट्टापेक्षा पातळाकडे झुकलेली. त्याला आनंद होत होता. तो आनंद अंगावर झुरळ चालावे तसा त्याला जाणवत होता, आणि तो झटकून टाकत नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी गिरधर आला. तो आता लोणखेड्याची शेती बघत होता, पोट सुटले होते, कानात भिकबाळी होती. त्याने केळ्यांचा घड दारात ठेवला आणि सरळ येऊन खाटेच्या कडेवर, अब्बांच्या पायाशी बसला. नाकाला रुमाल नाही, काही नाही. गोडसर वास त्याच्यापर्यंत पोचलाच नसावा, किंवा पोचून तो त्याला नुसता एक वास वाटला असावा. नजीर त्याच्याकडे पाहत राहिला. ज्याने कधी चोरून नाक धरले नाही, धरले तेव्हा तसे सांगून धरले, अशा माणसाला कुठेही बसता येते.

"देख गिरधर," अब्बा म्हणाले, "मन्हा पोऱ्या आठे बठीसन मन्हा पाय बघी ऱ्हायना."

"नशीब शे चाचा तुम्हनं," गिरधर म्हणाला. "आमना पोऱ्या ते पानी बी देत नहीत." आणि बोलता बोलता त्याने सहज, मायेने, अब्बांच्या नडगीवर हात फिरवला आणि अंगठा दाबला. नेमका तिथे. नजीरने नुकतेच वजन उचलले होते, पहिली खूण केली होती, दुसरी व्हायची होती.

"हात लावू नको!" नजीर ओरडला.

गिरधरने हात मागे घेतला. नडगीवर एकात एक दोन खड्डे दिसत होते, आणि नजीर गिरधरकडे नाही, अब्बांकडे नाही, त्या खड्ड्यांकडे असे पाहत होता की जणू कुणी त्याची वहीच फाडली होती.

"दखं का?" अब्बा गिरधरला म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. "कितला जीव शे त्यान्हा मन्हावर."

गिरधर लवकरच उठला. सालेहा दारात उभी होती. तिने गिरधरला वाट दिली, केळी आत नेली, आणि परत येऊन नजीरला खुणेने परसात बोलावले. ती चाळिशीची, रुंद हाडांची बाई होती. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे सरळ पाहायची तिला सवय होती.

"घडी कसाले देखी ऱ्हायना तू?" तिने विचारले. नजीरने घड्याळाचे मनगट पाठीमागे नेले. "मी तीन दिवसपाईन देखी ऱ्हायनू. वजन ठेवस, घडी देखस, काडी घालस. तू पाय दाबी ऱ्हायना का माप ली ऱ्हायना?"

"माप," तो म्हणाला.

"कसानं?"

त्याने सांगितले. जेवढे सांगता येईल तेवढे. मऊ वस्तू, खड्डा, वेळ, कॉलेजातले साहेब, विमाने. सांगताना ते सगळे इतके मूर्ख वाटत होते की तो मधेच थांबला. सालेहाने पदराने हात पुसले, पुन्हा पुसले.

"ती दवाई नही."

"नही."

"आन ते समजतस, दवाई शे. अख्खा मोहल्लाले सांगी ऱ्हायनात." तिचा आवाज चढला नाही. "तू आठे ऱ्हायना नही, हाई ठीक. तुले आमना वास सहन व्हये नही, हाई बी मी समजू. पन हाई काय शे नजीर? जित्ता मानूस शे तो." तिने आतल्या खोलीकडे हात केला. "तू सांग त्यासले. नही ते मी सांगसू. मन्हा तोंडतून आयकतीन ते वाईट व्हई."

नजीर आत गेला. त्याला वाटले होते की उभ्याउभ्याच सांगून टाकावे, पण उभे राहून ते तोंडातून निघेना. तो खाली, खाटेशी, जमिनीवर बसला. तिथून अब्बांचे पाय त्याच्या डोळ्यांसमोर आले, अगदी जवळ, आणि कातडीवरची बारीक भोके, गळून गेलेल्या केसांच्या जागा, त्याला एकेक दिसू लागल्या. ती कातडी अब्बांनी आयुष्यभर चुन्यात भिजवलेल्या कातड्यांसारखी होती. तशीच फुगलेली, तशीच पांढुरकी. त्याने डोळे मिटले. मिटल्यावर वास वाढला.

"अब्बा, मी तुम्हना पाय दाबी नही ऱ्हायनू," तो म्हणाला. "ते वजन दवाई नही शे. मी खोटं सांगं. खड्डा भराले कितला वेय लागस ते मी मोजी ऱ्हायनू."

अब्बांनी मान वळवली. "कसाले?"

"मन्हा कामले. गणितना कामले."

नजीर वाट पाहत होता. अब्बा आता तोंड भिंतीकडे फिरवतील, पाय चादरीत ओढून घेतील, निघून जा म्हणतील. त्याने त्यासाठी अंग आवळून धरले होते, आणि त्याला समजत होते की आपल्याला तेच हवे आहे; ते झाले तर आज संध्याकाळी गाडी पकडता येईल.

"गणितना कामले," अब्बा म्हणाले. "मन्हं कातडं?"

"हाऊ."

अब्बांच्या छातीत घरघर झाली. नजीर घाबरून उठला, पण ते हसत होते. हसण्याने त्यांना खोकला आला, खोकल्याने डोळे बाहेर आले, आणि त्यातूनही ते हसत होते. "आधी का बरं नही सांगं रे?" श्वास बसल्यावर ते म्हणाले. "मी मधमाच पाय हालाई दिऊ, तुले म्हाईत बी नही. तुन्हा हिसाब चुकना व्हई. सांगं असतं ते मी हालनू नसतू." त्यांनी हात पुढे करून नजीरचे मनगट धरले. त्यांचा तळवा अजून खरखरीत होता. "मन्हा धंदाले तू कधी हात नही लाया. मी काही बोलनू का? नही बोलनू. आते मीच तुन्हा धंदामा उनू." आणि मग, धंद्यातले काही सांगावे तशा साध्या आवाजात, "ले माप. नीट ले. चांगलं कातडं वाया जावाले नको."

नजीरने मनगट सोडवून घेतले. तो परसात पोचेपर्यंत कसाबसा थांबला आणि मोरीच्या कडेला वाकून ओकला. सकाळचा चहा, सालेहाच्या हातची भाकरी, तीन दिवसांचे गिळलेले सगळे बाहेर आले, आणि काही उरले नाही तरी पोट आतून पिळून पिळून वर येत राहिले. कुठून तरी मिरच्यांचा खकाणा आला आणि नाकातून पाणी वाहू लागले. त्याला बाप चिडायला हवा होता. बापाने लाथ मारायला हवी होती, त्या सुजलेल्या पायाने, मारता आली असती तर. त्याऐवजी बापाने स्वतःला छाटणीसारखे काढून त्याच्यापुढे ठेवले होते, आणि वर खूश झाला होता. विभागप्रमुखांची बशी त्याला आठवली, ती चिमूट. त्या माणसाने निदान बोटे दूर ठेवली होती. आपण तर आत घातली होती.

पाठीमागे सालेहा आली. तिने तांब्यातून त्याच्या हातावर पाणी घातले. तो चूळ भरत होता, ती घालत होती.

"अब्बानी घिन उनी का?" तिने विचारले.

"नही," तो म्हणाला. पाणी त्याच्या कोपरावरून खाली गळत होते. "मन्ही."

सालेहाने तांब्या खाली ठेवला. मग तिने खांद्यावरचा पदर सोडून त्याच्या हातात दिला, तोंड पुसायला.

"मंग तोंड पूस," ती म्हणाली, "आन मझार चाल. ते वाट देखी ऱ्हायनात."

तो आत गेला. अब्बांनी उशी पाठीशी ओढून घेऊन बसायचा प्रयत्न केला होता, आणि त्या खटपटीने त्यांच्या कपाळावर घाम आला होता. चादर त्यांनी स्वतःच्या हाताने वर सारली होती. गिरधरच्या अंगठ्याची खूण असलेला पाय त्यांनी बाजूला सरकवला होता आणि दुसरा, ज्याला अजून कुणीच हात लावला नव्हता, तो पुढे करून, श्वास रोखून, ते अगदी न हलता बसले होते.